मोबाइलमधलं फडताळ

मैत्रिणींनो, दिवे गेले तरी आपल्याला मोहरीचा डबा हाताला लागतो. पण गेल्या संक्रांतीच्या रांगोळीचा फोटो मोबाइलमध्ये अर्धा तास शोधूनही मिळत नाही. डब्याची जागा ठरलेली असते, फोटोची नसते, एवढंच कारण!

आज कुणी मोबाइलवर कविता लिहिते, कुणी गोधडीचे नमुने जमवते. आमच्या बचत गटातल्या एकीने सासूबाईंच्या जात्यावरच्या ओव्या फोनवर टिपल्या होत्या. सासूबाई गेल्या आणि वर्षश्राद्धाआधीच फोन पाण्यात पडला. फोन नवा आला, पण तो आवाज कुठून आणायचा?

हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी गावोगावच्या कार्यकर्त्यांच्या साथीने एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. ओवीसोबत गाणारीचं नाव, गाव नोंदवलं. म्हणून तर आज त्या ‘पारी’च्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता-ऐकता येतात. नोंद नसती, तर तो नुसता ढीग झाला असता.

आपला पसारा लहान, पण रीत तीच. आधी कामाप्रमाणे फोल्डर करा: ओव्या, रांगोळी, कविता. मग प्रत्येक फाइलला नाव द्या. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फोटोच्या नावात तारीख असते, पण फोटो कशाचा ते कळत नाही. त्यापेक्षा ‘२०२५-०१-१४ संक्रांत रांगोळी’ असं लिहा. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. महिना एक आकडी असेल तर पुढे शून्य हवंच. म्हणजे नावाप्रमाणे लावल्यावर क्रम आपोआप लागतो. कवितेला ‘शेवटची’, ‘अगदी शेवटची’ म्हणण्यापेक्षा ‘खर्डा १’, ‘खर्डा २’ बरं.

कुणाचं गाणं टिपताना आधी तिला विचारा. मग सुरुवातीलाच तिचं नाव, गाव आणि तारीख मोठ्याने बोला. फाइलचं नाव बदललं तरी ओळख आवाजातच राहते. चांगला फोटो व्हॉट्सअॅपवरून पाठवायचा तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर त्याचा बारीकपणा कमी होतो.

आणि प्रती तीन हव्यात. एक फोनमध्ये, दुसरी पेनड्राइव्हवर, तिसरी घराबाहेर: बहिणीकडे दुसरा पेनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्ह. तिथे १५ जीबी जागा फुकट मिळते, पण जीमेल आणि गूगल फोटोही त्यातच मोजले जातात. म्हणून आधी सकाळ-संध्याकाळचे शुभेच्छांचे फोटो काढून टाका! पेनड्राइव्हही वर्षातून एकदा उघडून, फाइली चालतात ना, ते पाहा.

दिवाळीआधी आपण माळा आवरतोच. यंदा एक दुपार फोनलाही द्या. सुरुवात मात्र रांगोळीपासून नको. रांगोळी पुन्हा काढता येते. घरातल्या सर्वांत वयस्कर बाईचा आवाज आधी जपून ठेवा.