पतंगाच्या दोरीला गवसणी

संक्रांतीच्या दिवसांत पतंग उडवताना तुमचा मांजा कधी आपोआप तुटला आहे का? कोणी काटला नाही, कोठे अडकला नाही, आणि तरी पतंग गेला! अशा वेळी हातात राहिलेले टोक नीट पाहा. पुष्कळदा मांजा गाठीपाशीच तुटलेला आढळतो. सबंध दोरी धडधाकट, मग गाठीचेच असे का व्हावे?

एक प्रयोग करा. शिवणाच्या दोऱ्याचे दोन सारखे तुकडे घ्या व एकाच्या मध्यावर साधी गाठ मारा. दोऱ्याची टोके मात्र बांधू नका. जाड पेन्सिलींना सात-आठ वेढे देऊन चिकटपट्टीने पक्की करा. वरची पेन्सिल टेबलाच्या कडेला धरा, खालचीला डबा टांगा आणि त्यात हळूहळू पाणी ओता. (पाय बाजूला ठेवा!) गाठीचा दोरा कमी पाण्यातच तुटेल.

कारण सोपे आहे. गाठीत दोरा एकदम वळतो. वळणाच्या बाहेरच्या बाजूचे तंतू जास्त ताणले जातात, आतले जवळजवळ सैल राहतात. म्हणजे सर्वांनी मिळून उचलायचा भार थोड्यांवर पडतो. वळण जितके अरुंद, तितका हा अन्याय मोठा. टोकांना जाड पेन्सिल का वापरली, हे आता तुमच्या ध्यानात आले असेल.

आता दुसऱ्या एका पतंगाकडे वळू. इंग्लंडमध्ये १९७२ साली पीटर पॉवेल यांनी दोन दोऱ्यांचा पतंग तयार केला. उजवी दोरी ओढली की तो उजवीकडे वळतो, डावी ओढली की डावीकडे. अशा पतंगांच्या कसरती हा पुढे एक खेळच झाला. कोलांट्या घेताना दोन्ही दोऱ्यांना एकमेकींचे पीळ बसतात, तरी त्या सहज सरकल्या पाहिजेत. म्हणून आज त्यासाठी डायनीमासारखा धागा वापरतात. याचे मूळ द्रव्य म्हणजे आपल्या पिशव्यांचे पॉलिथिलीनच! फक्त त्याचे रेणू फार लांब असतात आणि सूत काढताना ते एका दिशेत ताठ बसवलेले असतात. वजनाच्या मानाने हा धागा पोलादाहून कितीतरी बळकट असतो.

पण गुळगुळीतपणा गाठीच्या मुळावर येतो. गाठ सरकते. एका दोरीची गाठ बोटभर सरकली तरी दोन्ही दोऱ्यांची लांबी सारखी राहत नाही आणि पतंग आपल्याच मर्जीने एका बाजूला ओढू लागतो. शिवाय हा धागा सुमारे १४५ अंश सेल्सिअसला वितळतो, त्यामुळे एकाच जागी जोराने घासला गेला तर घर्षणाच्या उष्णतेनेच तो तुटू शकतो. गाठीत त्याचे जवळजवळ निम्मे बळ जाते.

यावर उपाय म्हणजे गवसणी. पॉलिएस्टरच्या पोकळ विणीच्या नळीत दोरीचे टोक बारीक तारेच्या साहाय्याने ओवतात आणि नळीसकट दुमडून गाठ मारतात. दोरी जाड झाली, वळण रुंद झाले. खरखरीत नळीमुळे गाठ सरकत नाही. पॉलिएस्टर सुमारे २५५ अंशांना वितळते, म्हणून घासणेही ते अधिक सोसते. फास सोडवताना नखे मोडत नाहीत, हा फायदा वेगळाच!

मग गवसणी नेहमीच घालावी काय? माझ्या मते नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते. जोराच्या वाऱ्यात, ६०-७० किलोग्रॅम भार सोसणाऱ्या दोऱ्यांना ती हवीच. ताणलेली दोरी तुटली तर समुद्रकिनाऱ्यावर उभ्या असलेल्या लोकांवर पतंग वेगाने कोसळू शकतो. मंद वाऱ्यात मात्र पतंग इतका हलका असतो की टोकाचे थोडेसे वजनही त्याला जाणवते. शिवाय पॉलिथिलीन पाण्यावर तरंगते, पॉलिएस्टर बुडते आणि त्याच्या विणीत पाणी व वाळूही अडकते. तेथे बारीक दोरी तशीच दुहेरी करून फास बांधणे बरे. गाठीने निम्मे बळ खाल्ले तरी उरलेले अशा वाऱ्याला पुरते.

बांधून झाल्यावर दोन्ही दोऱ्या एकाच खिळ्याला अडकवून जोराने ताणा व टोके जुळवून पाहा. गाठी पहिल्या ताणात थोड्या बसतातच. लांबीतला फरक त्यानंतर काढावा, आधी नव्हे.