विकणे आहे : समुद्रकाठचे चिरेबंदी घर

देवगड, विजयदुर्ग, जयगड या बाजूला कड्याखाली, खाडीच्या तोंडाशी जुनी चिरेबंदी घरे विकाऊ निघू लागली आहेत. मुले मुंबईला, घराला कुलूप, परसात रान. ‘पडके घर, येतील ते चार पैसे घेऊ’ असे म्हणणारे पुष्कळ. तुमचेही असे घर असेल तर जरा थांबा.

जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, वारा लागला की घट्ट होत जातो. त्यामुळे घर पडते ते चिऱ्याने नव्हे, छपराने. कौल सरकते, वासा भिजतो, भिंतीच्या माथ्यातून पाणी उतरते. दलाल तीच ओल दाखवून भाव पाडतो. पावसाआधी कौले चाळून घ्या. ओल झाकायला सिमेंटचा गिलावा मात्र देऊ नका, ती आतच कोंडते. चुना बरा.

खरी किंमत आहे जागेची. १९९१ साली किनारपट्टीचे नियम आले आणि खेड्यांत भरतीच्या रेषेपासून २०० मीटरांत नवे घर बांधणे जवळजवळ बंद झाले. २०१९ च्या नियमांनी फार दाट वस्तीच्या गावांना ही हद्द ५० मीटर केली. विरळ वस्तीला २०० च राहिली. अधिकृत जुन्या घराची दुरुस्ती मात्र त्याच जोत्यावर करता येते. जिथे दुसऱ्याचे घर उठणार नाही तिथे तुमचे उभे आहे! गिऱ्हाईकाला हे ठाऊक असते. म्हणून आजोबांच्या वेळच्या घरपट्टीच्या पावत्या रद्दीत घालू नका. घर तेव्हापासून आहे याचा तो पुरावा.

आता नावे. सातबारावर कधी कधी पंधरा-वीस सामाईक नावे निघतात, निम्मी मयतांची. आधी वारसनोंद करा. बहिणींना विसरू नका. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे. ‘ताई काही मागणार नाही’ म्हणून भागत नाही. ताईने हक्क सोडला तरी हक्कसोडपत्र नोंदवलेलेच हवे. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कराचा कागद आहे, त्याने मालकी ठरत नाही.

घरासोबत माडाची वाडी जात असेल तर घेणारा शेतकरी आहे का ते पाहा. नसेल तर त्याला सरकारी परवानगी लागते. आणि वाडीतली विहीर चुलत्यांच्या सामाईकीत असेल, तर तिच्या पाण्याचा व वाटेचा हक्क कोणाचा किती, ते खरेदीखतातच लिहा.