एकट्याने खोदलेली गुहा

डिसेंबर 2004 मध्ये जपानच्या दाइसुके अमाया यांनी ‘केव्ह स्टोरी’ हा संगणक-गेम सर्वांसाठी मोफत खुला केला. कथा, चित्रं, संगीत, प्रोग्रॅमिंग, सगळं त्यांचं एकट्याचं! कॉलेजात असताना सुरू केलेलं हे काम नोकरी सांभाळून, फावल्या वेळात सुमारे पाच वर्षं चाललं.

पण गेमइतकीच थक्क करतात ती त्यासाठी त्यांनी घरीच घडवलेली अवजारं. संगीतासाठी त्यांनी ‘ऑर्ग मेकर’ लिहिला. सीडीच्या दर्जाचं एक मिनिटाचं ध्वनिमुद्रण सुमारे दहा मेगाबाइट जागा खातं. ऑर्गच्या फाइलमध्ये ध्वनिमुद्रण नसतंच. कोणता स्वर, कधी, किती वेळ, कोणत्या वाद्यावर, एवढ्याच नोंदी. आठ पट्ट्या सुरावटीच्या, आठ तालाच्या. गेम चालू असताना संगणक त्या नोंदी वाचून धून जागच्या जागी वाजवतो. जणू गवयाच्या हाती दिलेली स्वरलिपीच. गोळीबार, उडी यांच्या आवाजांसाठी ‘पिक्सटोन’ हे वेगळं अवजार.

संवादांसाठी तर छोटीशी भाषाच! प्रत्येक प्रसंगाला चार आकडी क्रमांक, प्रत्येक आज्ञा तीन अक्षरी. ‘एमएसजी’ म्हटलं की संवादाची चौकट उघडते, ‘एनओडी’वर खेळाडूने बटण दाबेपर्यंत गेम थांबतो, ‘ईएनडी’ला प्रसंग संपतो. त्यामुळे एखादं वाक्य बदलायला मूळ प्रोग्रॅमला हात लावावा लागत नाही. एकट्या माणसाचे कष्ट वाचतात ते इथे.

2010 मध्ये हा गेम निन्टेंडोच्या ‘वी’ या गेम-कन्सोलवरही आला. मूळ आवृत्ती मोफतच आहे. प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांनी ती एकदा खेळून पाहावीच.