संभाजीनगर ते पुण्याएवढं अंतर, तेही वाळवंटातून पळत : मित्रांसोबत अल्ट्रामॅरेथॉनला जायचं तर आधी हे वाचा

छत्रपती संभाजीनगर ते पुणे हे अंतर साधारण २३५ किलोमीटर. गाडीनं गेलं तरी पाठ धरते. आता एवढंच अंतर पायी, वाळूतून आणि पाठीवर आठवड्याचं जेवण घेऊन कापायचं, असं कुणी म्हटलं तर? जगभरातले शेकडो लोक दरवर्षी काही लाख रुपये भरून हेच करतात. त्यातले बरेच जण मित्रांच्या ग्रुपनं जातात.

ही भानगड नेमकी काय आहे?

मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची असते. त्यापेक्षा लांब शर्यत म्हणजे अल्ट्रामॅरेथॉन. ती अनेक दिवसांची असेल तर रोज एक टप्पा पळायचा, रात्री मुक्काम करायचा आणि सकाळी पुन्हा निघायचं.

यातली सगळ्यात गाजलेली शर्यत म्हणजे मोरोक्कोतली मॅरेथॉन दे साब्ल. पॅट्रिक बोअर हा फ्रेंच माणूस १९८४ मध्ये अल्जेरियाच्या सहारातून १२ दिवसांत सुमारे ३५० किलोमीटर एकटा चालला. त्यातून कल्पना सुचली आणि १९८६ मध्ये पहिली शर्यत झाली. धावपटू होते फक्त २३.

आज ही शर्यत २५० किलोमीटरच्या आसपास असते. त्यातला एक टप्पा तर ८० किलोमीटरच्या पुढचा. म्हणजे संभाजीनगरहून अजिंठ्याला निघून सिल्लोड मागे टाकण्याइतका. रोजचं किमान २,००० कॅलरीचं अन्न, झोपायची बॅग, होकायंत्र, शिट्टी असं सगळं स्वतःच वाहायचं. पाणी आयोजक देतात.

आपल्याकडचं कुणी असं पळालंय का?

हो. पुण्याच्या आशिष कासोदेकर यांनी २०१८ मध्ये लडाखच्या थंड वाळवंटातली ५५५ किलोमीटरची 'ला अल्ट्रा – द हाय' पूर्ण केली. त्यांना पाच दिवसांहून जास्त वेळ लागला. पुढे त्यांनी सलग ६० दिवस रोज एक मॅरेथॉन पळून गिनीज विक्रमही केला.

खरा धोका कुठे आहे?

कोरड्या हवेत घाम लगेच उडून जातो. अंग कोरडंच वाटतं, त्यामुळे किती पाणी गेलं ते कळत नाही. शरीराच्या आतलं तापमान ४० अंशांच्या वर गेलं आणि माणूस बरळायला लागला, तर तो उष्माघात समजायचा. अशा वेळी आधी त्याला सावलीत न्यायचं आणि पाणी ओतून अंग थंड करायचं. मदतीसाठी लगेच कळवायचं, पण थंड करणं थांबवायचं नाही.

उलट बाजूही आहे. घाबरून नुसतं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम घटतं. डोकं दुखणं, उलट्या, गोंधळल्यासारखं होणं ही लक्षणं इथेही दिसतात आणि यातही जीव जाऊ शकतो. म्हणून तहानेप्रमाणे पाणी प्यायचं आणि खाण्यात मीठ ठेवायचं.

मग मित्र कशाला हवेत?

ज्याचा मेंदू तापलाय, त्याला आपण गोंधळलोय हेच कळत नाही. ते आधी दिसतं शेजारच्याला. पाय वाकडे पडतायत, बोलणं तुटतंय, साध्या प्रश्नाचं उत्तर चुकतंय, हे रोज सोबत पळणारा मित्र पटकन ओळखतो.

एकटं पडलं की काय होतं, याचं उदाहरण म्हणजे मावरो प्रोस्पेरी. १९९४ मध्ये हा इटालियन पोलीस याच शर्यतीत वाळूच्या वादळात सापडला. जागेवर न थांबता तो पळत राहिला आणि वाट चुकला. सुमारे १० दिवसांनी तो जिवंत सापडला, तोही थेट अल्जेरियाच्या हद्दीत.

पण ग्रुपचा तोटाही असतो. "आता सोडलं तर पोरं काय म्हणतील?" या विचारानं माणूस दुखणं लपवतो. म्हणून दोन गोष्टी घरून निघतानाच ठरवायच्या. ज्यांना सोबत राहायचंय, त्यांचा वेग सगळ्यात हळू पळणारा ठरवेल. आणि दोघांनी "थांब" म्हटलं की तिसऱ्यानं वाद न घालता थांबायचं.

संभाजीनगरात राहून तयारी होते का?

वाळूचे डोंगर इथे नाहीत, पण ऊन फुकट आहे. उन्हाची सवय व्हायला साधारण १० ते १४ दिवस लागतात. रोज तासभर गरम हवेत हलका व्यायाम केला की घाम लवकर सुटतो, घामातून मीठ कमी जातं आणि हृदयावरचा ताण उतरतो. ही सवय काही आठवड्यांत ओसरते, त्यामुळे ती शर्यतीच्या तोंडावर लावावी लागते. अर्थात, याचा अर्थ मे महिन्यात भर दुपारी पळा असा नाही. सकाळी उशिराच्या उन्हात सुरुवात करून वेळ हळूहळू वाढवायची.

चढासाठी गोगाबाबा टेकडी आणि दौलताबाद-खुलताबादचा घाट आहेच. भरलेली बॅग पाठीवर घेऊन सलग दोन-तीन दिवस पळून बघायचं, कारण दुसऱ्या दिवशीच्या थकलेल्या पायांवर पळणं हीच या शर्यतीची खरी परीक्षा. नवे बूट घालून मात्र जायचं नाही. फोडांमुळे भलेभले घरी परततात. हृदयाचा, रक्तदाबाचा किंवा साखरेचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं.

आणि शर्यतीचा फॉर्म भरण्याआधी ग्रुपमध्ये एक प्रश्न टाकून बघा : "मी थांब म्हटलं, तर तू थांबशील का?" ज्याचं उत्तर "बघू" असं येईल, त्याच्यासोबत आधी खुलताबादपर्यंतच जाऊन या.