मुलांचा ताबा आणि विभक्त मातेचे अधिकार

बीड जिल्ह्यातील नारायणगड हे विठ्ठलभक्तांचे श्रद्धास्थान ‘धाकटी पंढरी’ म्हणून ओळखले जाते. याच जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी गाव सोडतात आणि पुष्कळदा मुले आजी-आजोबांच्या स्वाधीन करून जातात. एरवी हा आधार मोलाचा असतो. परंतु पतिपत्नीत दुरावा येऊन माता माहेरी परतली, की त्याच मुलांवरून वाद उभा राहतो. “नातवंडे आमच्या घराण्याची आहेत, कोर्टातून घेऊन येऊ,” अशी धमकी दिली जाते. तिला भिऊन काही माता मुलांवर पाणी सोडतात, तर काही निमूटपणे छळाच्या घरी परत जातात. या धमकीला कायद्याचा आधार कितपत आहे, हे गावातील जबाबदार मंडळींनी जाणून घेणे अगत्याचे आहे.

कायद्याची भूमिका

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ६ नुसार पाच वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा सामान्यतः मातेकडे असतो. याचा अर्थ पाचव्या वर्षानंतर तिचा हक्क संपतो, असा नव्हे. कलम १३ नुसार मुलाचे कल्याण हाच सर्वश्रेष्ठ निकष होय. याच कलम ६ मध्ये पित्याचे नाव आधी येते. तथापि, पिता मुलाच्या संगोपनाबाबत पूर्णपणे उदासीन असेल, तर त्याच्या हयातीतही माता नैसर्गिक पालक ठरू शकते, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये गीता हरिहरन खटल्यात लावला. मुस्लिम व्यक्तिगत कायद्यातही लहान मुलांच्या संगोपनाचा पहिला हक्क मातेचाच मानला जातो.

आजी-आजोबांचे स्थान

पालक व पाल्य अधिनियम, १८९० नुसार कोणताही नातलग न्यायालयात अर्ज करू शकतो. मात्र अर्ज करता येणे म्हणजे हक्क असणे नव्हे. माता किंवा पिता हयात असून अपात्र नसेल, तर तिऱ्हाईत व्यक्तीस मुलाचा पालक नेमता येत नाही, असे कलम १९ सांगते. २०१० च्या दुरुस्तीने त्यात मातेचा स्पष्ट उल्लेख झाला आहे. मातेचे उत्पन्न कमी आहे किंवा ती मजुरीस जाते, एवढ्यावरून ती अपात्र ठरत नाही.

दुसरी बाजूही ध्यानात घ्यावयास हवी. पत्नीच्या मृत्यूप्रकरणी आरोप असलेल्या पित्याकडे मूल सोपविण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये रद्द केला. ते मूल आईच्या आईवडिलांजवळ वाढत होते. आजी-आजोबांची माया न्यायालय विचारात घेते, पण ती मुलाच्या हितासाठी. घराण्याच्या प्रतिष्ठेसाठी नव्हे.

मातेने काय करावे?

मूल परस्पर नेले गेल्यास विलंब करू नये, कारण मूल तेथे रुळले असा युक्तिवाद पुढे केला जातो. ताब्यासाठी कुटुंब न्यायालयात आणि ते नसेल तेथे जिल्हा न्यायालयात अर्ज करावा. छळ झालेला असल्यास कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक अधिनियम, २००५ च्या कलम २१ नुसार न्यायदंडाधिकारी तात्पुरता ताबा देऊ शकतात. कायदेशीर ताब्याचा हक्क नसलेल्या व्यक्तीने मूल अडकवून ठेवल्यास उच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरण याचिकाही करता येते. लसीकरणाची नोंद, शाळेचा दाखला, दवाखान्याची कागदपत्रे जपून ठेवावीत. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे जावे किंवा १५१०० या क्रमांकावर संपर्क साधावा.

गावाची जबाबदारी

मुलाचा ताबा ठरविण्याचा अधिकार ग्रामपंचायतीस किंवा जातपंचायतीस नाही. मातेकडून मुद्रांक कागदावर लिहून घेतलेले ‘मुलावर हक्क नाही’ हे शब्द न्यायालयावर बंधनकारक नसतात. वाद माहीत असताना शिक्षकांनी केवळ आजोबांच्या सांगण्यावरून मूल किंवा शाळा सोडल्याचा दाखला त्यांच्या हाती देऊ नये. सदस्यांनी दोन्ही घरांना विधी सेवा समितीची वाट दाखवावी आणि मुलांच्या भेटीगाठी सामोपचाराने ठरवून द्याव्यात. मातेचे छत्र आणि आजीची माया या दोन्ही गोष्टी मुलाला मिळू शकतात. मात्र त्यासाठी धमकीची भाषा आधी थांबली पाहिजे.