कालचा पाऊस, उद्याची दरड

धुळ्याहून सुरतेकडे जाताना दहिवेल मागे पडलं की कोंडाईबारी घाट लागतो आणि घाट उतरला की विसरवाडी. इथे बर्फ पडत नाही. तरीही हिमस्खलनाचा अभ्यासक हिमालयात जो प्रश्न विचारतो, तोच या घाटात विचारायला हवा: वरून नवं ओझं येण्याआधी आतले थर कसे आहेत?

तिकडे हिमवादळाचा इशारा आला की उतारावर खड्डा खणतात. खड्ड्याच्या भिंतीत त्या हिवाळ्यातली एकेक हिमवृष्टी थरावर थर दिसते. मग ३० सेंटिमीटर लांबी-रुंदीचा बर्फाचा स्तंभ मोकळा कापायचा, त्यावर फावडं ठेवायचं आणि थापा मारायच्या: दहा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. खाली साखरेसारख्या सुट्या कणांचा थर दडला असेल, तर पहिल्या काही थापांतच वरचा भाग निसटतो. ३० ते ४५ अंशांचे उतार सर्वांत धोक्याचे.

आपल्या घाटांत बर्फाच्या जागी माती आणि मुरूम. पाणी त्यात मुरतं, खालच्या कातळावर अडतं, कणांमधल्या पाण्याचा दाब वाढतो आणि मातीची पकड सुटते. दोन लाव्हाथरांमधला तांबूस मातकट पट्टाही असाच दगा देतो. रस्त्यासाठी डोंगराचा पायथा कापला असेल, तर आधारही गेलेला असतो.

महसूल खातं २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पावसाला अतिवृष्टी म्हणतं. उताराचा अंदाज घ्यायला हा एका दिवसाचा आकडा अपुरा आहे. उघडिपीनंतरचे ६५ मिलिमीटर आणि आठवडाभराच्या झडीनंतरचे ६५ मिलिमीटर यांत जमीन-अस्मानाचा फरक. मागच्या दिवसांच्या पावसाची बेरीज गावागावात फळ्यावर लिहिली जावी, असं मला कळकळीनं वाटतं. ३० जुलै २०१४ ला माळीण गाव दरडीखाली गाडलं गेलं, तिथे दीडशेहून अधिक माणसं गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली सापडलेली इर्शाळवाडी तर धोकादायक गावांच्या यादीतच नव्हती.

यादीची वाट न पाहता गावकऱ्यांना बरंच पाहता येतं. झाडं किंवा विजेचे खांब कलले का? झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं का? घरावरच्या उतारात भेग दिसली, तर तिच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून अंतर सुतळीनं मोजून ठेवावं. पाऊस लागून राहिला असताना ते अंतर वाढलं, तर तलाठ्याला आणि तहसील कार्यालयाला कळवावं आणि अंधार पडायच्या आत माणसं, गुरं खाली आणावीत.