ऑस्ट्रेलियात भाड्याने घर घेताय? आधी 'आठवड्याचं' गणित समजून घ्या

नोकरीसाठी सिडनीला गेलेल्या जोडप्याचं बजेट पहिल्याच महिन्यात कोलमडू शकतं. कारण तिथे घरभाडं महिन्याचं नाही, आठवड्याचं सांगतात.

आठवड्याला ६०० डॉलर म्हणजे महिन्याला २,४०० असं वाटतं. पण वर्षात आठवडे ५२ असतात. त्यामुळे महिन्याची सरासरी निघते २,६०० डॉलर!

डिपॉझिटचं काय?

त्याला तिथे 'बाँड' म्हणतात. सिडनी ज्या न्यू साउथ वेल्स राज्यात आहे, तिथे चार आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त बाँड घेता येत नाही. हे पैसे घरमालकाकडे राहत नाहीत, सरकारी यंत्रणेकडे जमा होतात.

ते पूर्ण परत कसे मिळतील?

राहायला जाताना 'कंडिशन रिपोर्ट' मिळतो. भिंतीवरचे ओरखडे, कार्पेटवरचे डाग, तुटलेली कडी, सगळं त्यात लिहा, फोटो काढा आणि सात दिवसांत रिपोर्ट परत द्या. नाहीतर आधीच्या भाडेकरूने केलेलं नुकसान तुमच्या बाँडमधून कापलं जाऊ शकतं.

करार कुणाच्या नावावर?

शक्यतो दोघांच्या. नोकरी नसलेल्या जोडीदारालाही पत्त्याचा पुरावा मिळतो. मात्र मग भाड्याची जबाबदारीही दोघांची असते.